परिमाणव्रत आणि नौकेवरचे गोडे पाणी

संयमाचे मूल्य तो किती पाळला यावर ठरते की तो कशामुळे पाळला यावर, हा प्रश्न भारतीय नीतिविचारात फार जुना आहे. आणि त्याची कसोटी घेण्यासाठी महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या शिडाच्या नौकेइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. भारतातील शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत माणशी दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते आणि जलजीवन अभियानाने ग्रामीण घरांसाठी किमान ५५ लिटरांचे प्रमाण ठरवले आहे; दूरच्या प्रवासाला निघालेल्या नौकेवर मात्र पिणे, स्वयंपाक आणि तोंड धुणे मिळून माणशी चार ते पाच लिटरांत दिवस भागवला जातो. पस्तीस-चाळीस फुटी नौकेच्या टाक्यांत साधारणपणे दोनशे ते चारशे लिटर पाणी मावते, म्हणजे वाटेत पाऊस लागलाच नाही तर दोन माणसांना महिनाभर किंवा फार तर थोडे अधिक दिवस ते पुरते. हाच आकडा एखाद्या मठातील साधकांविषयी सांगितला असता, तर ऐकणाऱ्याने त्याला निःसंशय तप म्हटले असते.

या काटकसरीमागचे कारण साधे आणि निष्ठुर आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि माणसाचे मूत्रपिंड तितके खारट मूत्र तयार करू शकत नाही. म्हणून समुद्राचे पाणी प्यायल्यास त्यातील क्षार बाहेर टाकण्यासाठी शरीराला स्वतःजवळचे पाणी खर्चावे लागते आणि तहान भागण्याऐवजी वाढते. (१९५२ साली रबरी होडीतून अटलांटिक ओलांडणारे फ्रेंच डॉक्टर आलँ बोंबार यांनी थोड्या प्रमाणात समुद्राचे पाणी पिऊन जगता येते असा दावा केला होता, पण वैद्यकाने तो स्वीकारलेला नाही.) त्यामुळे नौकेवर गोड्या पाण्याचा उपयोग जिथे खाऱ्याने भागत नाही तिथेच केला जातो: भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा फिरवतात, भात शिजवताना एखादा हिस्सा समुद्राचे पाणी घालून मीठ वाचवतात, आणि समुद्रात अंघोळ करून अंगावरचे मीठ लिटरभर गोड्या पाण्याने उतरवतात. कपड्यांची गोष्ट निराळी, कारण कापडात राहिलेले मीठ हवेतील ओल शोषून घेत राहते आणि ते कापड कधीच पुरते वाळत नाही. अनुभवी खलाशी विजेच्या पंपापेक्षा पायाने दाबायचा पंप पसंत करतात. त्यात पाण्याच्या प्रत्येक धारेसाठी पाय हलवावा लागतो, आणि उघडा राहिलेला नळ ही गोष्टच संभवत नाही.

या आचाराला अपरिग्रह म्हणावे का? समुद्रपर्यटनावरील लेखनात तसे सुचवण्याचा मोह वारंवार दिसतो. अपरिग्रह म्हणजे गरजेपलीकडे वस्तूंचा संचय न करणे. पतंजलींच्या योगसूत्रांत दुसऱ्या पादातील तिसाव्या सूत्रात पाच यमांपैकी, म्हणजे संयमाच्या नियमांपैकी, तो शेवटचा सांगितला आहे. पण लगेच पुढच्या सूत्रात पतंजली एक अट घालतात, आणि ती या चर्चेत निर्णायक ठरते. जाती, देश, काळ आणि समय, म्हणजे विशिष्ट प्रसंग किंवा संकेत, यांच्या मर्यादा ज्याला नाहीत तोच यम महाव्रत होय, असे ते म्हणतात. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने याचे दिलेले उदाहरण योगायोगाने पाण्याकाठचेच आहे: जो कोळी मासे सोडून इतर कोणाचीच हिंसा करत नाही, त्याची अहिंसा त्याच्या धंद्याने मर्यादित झालेली असते, तीर्थक्षेत्रीच हिंसा न करणाऱ्याची अहिंसा स्थळाने, चतुर्दशीला न करणाऱ्याची काळाने. या मोजपट्टीने पाहता खलाशाची पाण्याबाबतची काटकसर देश आणि काळ या दोन्हींनी बांधलेली आहे. नौका धक्क्याला लागली आणि किनाऱ्यावरच्या नळाची रबरी नळी हाती आली, की बहुधा पहिले काम असते ते डेक, दोरखंड आणि शिडे यांच्यावर साचलेले मीठ धुऊन काढण्याचे, आणि त्यात घटकाभरात प्रवासातल्या अनेक दिवसांचे पाणी वाहून जाते. यात दोष काढण्यासारखे काही नाही, मीठ लोखंड खाते आणि कापड कुजवते. पण यास महाव्रत म्हणता येणार नाही एवढे खरे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. नौका मुळात संचयावर चालते. भाष्यकार व्यास अपरिग्रहाचे कारण सांगताना वस्तू मिळवण्यात, राखण्यात, तिच्या नाशात, तिच्याविषयीच्या आसक्तीत आणि तिच्यापायी घडणाऱ्या हिंसेत दिसणारे दोष मोजतात. त्यांतील रक्षण आणि क्षय हे दोन दोष नौकेवर जितके ठसठशीत दिसतात तितके इतरत्र क्वचितच. उदाहरणार्थ, ब्रिटिश दर्यावर्दी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फॅलमथ बंदरातून ती निघाली आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतली, आणि एकट्याने, कुठेही न थांबता केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा ठरली. या प्रवासात दक्षिणेच्या वादळी समुद्रात तिच्या टाक्यांतील पाणी दूषित झाले आणि पुढचा प्रवास मुख्यतः पावसाच्या पाण्यावर करावा लागला. पाणी एकाच टाकीत न ठेवता वेगवेगळ्या टाक्यांत आणि सुट्या कॅनमध्ये विभागून ठेवावे, हा दर्यावर्दी लोकांचा नियम अशाच अनुभवांतून पक्का झालेला आहे. आणि तो नियम संचय सोडण्याचा नसून संचय अधिक शहाणपणाने राखण्याचा आहे. उद्यासाठी घोटभरही न राखणारा संन्यासी आणि महिनाभराचे पाणी कुलपात नसले तरी झाकणाखाली ठेवणारा खलाशी यांना एका पंक्तीत बसवणे दोघांवरही अन्यायकारक आहे.

‘सुहेली’चा हा प्रवास एका शर्यतीचा भाग होता; त्याच शर्यतीतील फ्रेंच दर्यावर्दी बेर्नार म्वातेसिए यांचे उदाहरण याबाबतीत अधिक बोलके आहे, कारण दर्यावर्दींमधील वैरागी म्हणून त्यांचेच नाव घेतले जाते. केप हॉर्न ओलांडल्यावर, विजय आवाक्यात दिसत असताना, त्यांनी शर्यत सोडून दिली आणि ‘जोशुआ’ ही नौका परत युरोपकडे न नेता ताहितीपर्यंत हाकली. कीर्ती आणि बक्षीस त्यांनी सोडले. मात्र पाऊस आला की शिडावरून ओघळणारे पाणी धरण्यासाठी बूमखाली, म्हणजे शिडाच्या तळाच्या आडव्या दांड्याखाली, लावायची बादली त्यांनी सोडली नाही.

अपरिग्रहापेक्षा या आचाराला अधिक नेमकी बसणारी संकल्पना जैन गृहस्थधर्मात सापडते. मुनींसाठी सर्वसंगपरित्याग हे महाव्रत. पण संसारात राहणाऱ्या श्रावकासाठी परिग्रहपरिमाण नावाचे अणुव्रत सांगितले आहे, ज्यात धन, धान्य, घर, पशू इत्यादींची कमाल मर्यादा आधी जाहीर करून ती न ओलांडण्याचा नियम घेतला जातो. त्याला जोडून भोगोपभोगपरिमाण हे व्रत येते. एकदाच वापरून संपणाऱ्या आणि पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या वस्तूंच्या वापराला ते मोजून मर्यादा घालते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्याच मूर्च्छा, म्हणजे वस्तूविषयीची बेभान आसक्ती, अशी केली आहे. वस्तू जवळ असणे हा तिथे मूळ दोष नाही, तिच्या मापाचे भान सुटणे हा दोष आहे. नौकेवरील जीवनात हे भान सुटणे जवळजवळ अशक्य असते. टाकीची पातळी रोज पाहिली जाते, मोजपट्टीने किंवा काचनळीने मापली जाते, नोंदवली जाते आणि उरलेल्या अंतराशी ताडून पाहिली जाते. शहरातील नळ उघडणाऱ्याला धरण किती भरले आहे हे वर्तमानपत्रातून कळते, आणि कळले तरी त्याचा हात नळावरून हटतोच असे नाही.

तरीही दोन भेद लक्षात ठेवावे लागतात. श्रावक आपले माप स्वतः ठरवतो, तर खलाशाचे माप नौका बांधणाऱ्याने ठरवलेले असते. शिवाय जैन विचारात पाणी वाचवण्याचे कारण टंचाई नव्हेच. पाणी हेच जीवांचे शरीर आहे, त्यातील जीवांना अपकाय म्हणतात, आणि म्हणून नदीकाठी राहणाऱ्या श्रावकानेही पाणी गाळून, मोजून वापरावे आणि गाळणीत अडकलेले सूक्ष्म जीव त्याच जलाशयात परत सोडावेत अशी रीत आहे.

टंचाई आणि विपुलता यांतील हा भेद इस्लामी धर्मशास्त्रात आणखी स्पष्टपणे मांडला गेला आहे, आणि तिथे तो थेट समुद्रावरून आलेल्या प्रश्नाला भिडतो. नमाजाआधी हात, तोंड, पाय धुण्याच्या विधीला वुजू म्हणतात. हदीसांत, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या व आचारांच्या परंपरेत, एक प्रसंग येतो: समुद्रावर जाणारा एक मनुष्य विचारतो की आम्ही बरोबर थोडेच गोडे पाणी नेतो, त्याने वुजू केला तर तहानलेले राहू, तेव्हा समुद्राच्या पाण्याने वुजू करावा का? उत्तर अनुकूल मिळते. समुद्राचे पाणी शुद्ध मानले जाते. पाणी मुळीच नसेल किंवा पिण्यासाठी राखणे भाग असेल, तर स्वच्छ मातीने करायच्या तयम्मुमची सवलत कुराणाधारित आहेच. कोकणच्या किनाऱ्यावरील मुसलमान समाजात, ज्यातून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी आणि तांडेल निघाले, जो शाफिई पंथ प्रचलित आहे त्यात तर तहानलेल्या जनावराची गरजही वुजूच्या आधी धरलेली आहे. इथपर्यंत तर्क खलाशाचाच आहे: आधी तहान, मग शुद्धी. परंतु याच परंपरेत वाहत्या नदीच्या काठी बसलेल्यानेही वुजूत पाणी वाया घालवू नये अशी शिकवण येते, आणि स्वतः पैगंबर सुमारे पाऊण लिटरात वुजू व सुमारे तीन लिटरांत स्नान करीत असे सांगितले जाते. पहिला नियम परिस्थितीने शिकवला असता. दुसरा परिस्थिती कधीच शिकवत नाही. उधळपट्टी, जिला तिथे इस्राफ म्हणतात, ती पाणी संपत आले म्हणून दोषार्ह ठरत नाही.

हिंदू धर्मशास्त्राने समुद्राशी व्यवहार टाळण्याचाच मार्ग धरला. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमन पतनीय, म्हणजे पतित करणाऱ्या, कर्मांत मोजले आहे आणि पुढे ते कलिवर्ज्यांत, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या आचारांत, गेले. वास्तविक पाण्यावाचून शुद्ध होण्याचे मार्ग स्मृतिकारांना ठाऊक होते: भस्माने होणारे आग्नेय, गोधुळीने होणारे वायव्य, ऊन असताना पडणाऱ्या पावसात होणारे दिव्य, केवळ ध्यानाने होणारे मानस अशी गौण स्नाने त्यांनी सांगितली आहेत, आणि त्यांतील दिव्य स्नान तर उष्ण कटिबंधातील प्रत्येक खलाशी न सांगता करतो. पण ही सवलत नौकेपर्यंत पोचवण्याऐवजी परंपरेने नौकाच वर्ज्य केली, आणि जिथे राजकारणापायी प्रवास टाळता आला नाही तिथे पाणीच सोबत नेले गेले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जयपूरचे महाराजा सवाई माधोसिंग दुसरे ‘ऑलिंपिया’ या आगबोटीने लंडनला गेले, तेव्हा प्रत्येकी सुमारे चार हजार लिटर मावणाऱ्या चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बरोबर होते. त्यांतील दोन घागरी जयपूरच्या राजवाड्यात आजही पाहायला मिळतात. निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र एका घागरीत निदान दहा नौकांच्या टाक्यांतले पाणी मावले असते हे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

अलीकडे या सगळ्या चर्चेचा पायाच यंत्राने हलवला आहे. उलट परासरणावर चालणारे जलयंत्र समुद्राचे पाणी हवेच्या दाबाच्या पन्नास ते साठ पट दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलते. पाणी पलीकडे जाते, क्षार मागे राहतात. दाबातील ऊर्जा परत वापरणाऱ्या लहान यंत्रांत लिटरमागे साधारण चार वॅट-तास वीज लागते, म्हणजे सौरपटलांवर ते सहज चालते. क्लोरीन आणि तेल यांनी पडदा खराब होत असल्यामुळे बंदरातील तेलकट पाण्यात ते चालवत नाहीत, आणि ते बिघडेल हे गृहीत धरूनच शहाणे खलाशी टाकीतील राखीव पाण्याला हात लावत नाहीत. पण यंत्र चालू असेपर्यंत नौकेवरचे माप टाकीकडून विजेकडे सरकते, आणि रोज अंघोळ करणारे, कपडे गोड्या पाण्याने धुणारे खलाशी दिसू लागतात. नौकाबांधणाऱ्याने घातलेली मर्यादा उठली की, जर काही मर्यादा पाळायची असेल तर, ती श्रावकाप्रमाणे स्वतःच घालून घ्यावी लागते. बहुतेक जण ती घालून घेत नाहीत, आणि यावरून आधीचा संयम कोणत्या जातीचा होता हे उघड होते. तो ज्ञानातून आला होता, पण संकल्पातून नव्हे. ज्ञानाला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. मर्यादा न पाहताच घेतलेले व्रत अनेकदा केवळ शब्दांत राहते, आणि मर्यादा रोज डोळ्यांनी पाहणाऱ्याकडे निदान व्रताचा पूर्वार्ध तयार असतो.

राहतो तो दानाचा प्रश्न. परिमाणव्रताचा एक अर्थ असाही लावला जातो की मर्यादेपलीकडचे जे येईल ते दुसऱ्याला द्यावे. विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात मुसळधार सर आली, शिडावरचे मीठ धुऊन काढणारे पहिले पाणी सोडून दिल्यावर टाक्या काठोकाठ भरल्या आणि तरी पाऊस थांबला नाही, तर एकट्या प्रवाशाकडे ते अधिकचे पाणी द्यायला कोणी नसते. म्हणून एकट्याची काटकसर दूरदर्शीपणाच्या पुढे फारशी जाऊ शकत नाही. गोव्यात बांधलेल्या भारतीय नौदलाच्या शिडाच्या नौकांपैकी ‘म्हादेई’वरून कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये चार थांबे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तर ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी. पहिल्या नौकेवर वाया गेलेल्या तांब्याभर पाण्याचा तोटा वाया घालवणाऱ्याच्याच वाट्याला येतो, दुसऱ्या नौकेवर त्याचे पाच वाटेकरी अधिक असतात. आणि तिथे टाकीची रोजची नोंद केवळ साठ्याचा हिशेब न राहता कोणी कोणाच्या वाट्यातून घेतले याचाही हिशेब होते, मग ते नाव वहीत लिहिलेले असो वा नसो.