टॉवरमधील घर कोणाचे?

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी माणसे रोज वसईहून चर्चगेटची लोकल पकडतात. कोणी कार्यालयात जातात, तर कोणी पहाटेच फुलांची व भाजीची टोपली घेऊन दादरच्या बाजाराला. दादर सुटले की प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी ही स्थानके येतात आणि खिडकीतून चाळीस-पन्नास मजल्यांचे काचेचे टॉवर दिसू लागतात. गाडीत कोणीतरी हमखास म्हणते, "एवढी महाग घरे घेतं तरी कोण?" बाकीचे हसतात, कोणी सुस्कारा टाकतो आणि विषय तिथेच संपतो. आजच्या रविवारी हा प्रश्न तिथेच न सोडता थोडा पुढे नेऊ या. तो पैशाचा प्रश्न आहेच, पण विश्वासाचाही आहे.

ज्या जमिनीवर हे टॉवर उभे आहेत ते गिरणगाव. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली आणि पुढची सव्वाशे वर्षे कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी या गिरण्या चालवल्या. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे राहत. पाळी बदलली की एकाच्या अंथरुणावर दुसरा झोपे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. जमीन तेवढी राहिली, आणि कापडापेक्षा तिचीच किंमत जास्त झाली.

१९९१ साली शासनाने नियम केला. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला एक तृतीयांश मालकाला. वाटणी बरी होती. पण २००१ साली नियम बदलला. आता वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, इमारती असलेली जमीन हिशेबात धरायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन ती किती असणार? शहराचा व कामगारांचा वाटा एकदम आक्रसला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथे निकाल जनतेच्या बाजूने लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सतरा एकर जमीन २००५ साली ७०२ कोटींना विकली गेली. तीच जमीन २०१२ साली २,७२७ कोटींना पुन्हा विकली गेली. सात वर्षांत जवळजवळ चौपट!

आणि कामगार? घरासाठी अर्ज केलेले कामगार व त्यांचे वारस पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. पहिली मोठी सोडत निघाली २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. घर २२५ चौरस फुटांचे. २०२० च्या सोडतीत बॉम्बे डाईंग व श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरे होती, किंमत साडेनऊ लाख रुपये. त्याच श्रीनिवास मिलच्या जमिनीवर देशातील अत्यंत उंच निवासी टॉवरांपैकी एक उभा आहे, आणि तिथे किमती कोटींत मोजतात. ज्यांना मुंबईत घर मिळाले नाही त्यांच्यापुढे शेलू आणि वांगणीचा पर्याय ठेवण्यात आला. म्हणून २०२५ च्या जुलैमध्ये सत्तरी ओलांडलेली माणसे भरपावसात आझाद मैदानावर बसली होती.

आता मूळ प्रश्न. ही घरे घेतं कोण? उद्योगपती, हिऱ्यांचे व्यापारी, सिनेनट ही नावे वर्तमानपत्रांत येतात. २०२५ साली वरळीतील दोन सदनिकांचा व्यवहार ६३९ कोटींचा झाला. पण सगळेच तसे नाहीत. मोठ्या कंपन्यांतले अधिकारी, डॉक्टर, वकील असतात. दोघेही कमावणारे नवरा-बायको वीस वर्षांचे कर्ज काढून येतात. परदेशी स्थायिक झालेले भारतीय असतात, "कधीतरी परत येऊ" म्हणून घर घेऊन ठेवणारे. आणि असतात गुंतवणूकदार, ज्यांना त्या घरात राहायचेच नाही. त्यांच्यासाठी घर म्हणजे बँकेतल्या ठेवीसारखे. भाव वाढला की विकायचे. रात्री गाडीतून पाहा. टॉवर उभा आहे, पण किती मजल्यांवर दिवे लागलेले दिसतात? २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांतील १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली. त्याच जनगणनेनुसार मुंबईतील दर पाच माणसांपैकी दोन झोपडपट्टीत राहत होती.

मग घर घेणारा दोषी आहे का? त्याची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणेल, "मी कोणाला हाकलले नाही. गिरणी मी बंद केली नाही. नियम मी बदलला नाही. कष्टाच्या पैशातून, कर भरून घर घेतले. माझे काय चुकले?" बिल्डर आणखी पुढे जाऊन सांगेल, "आमचे महाग घर घेणाऱ्यामुळेच गरिबाला फुकट घर मिळते." यातही तथ्य आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्यांना त्याच जागी ५०० चौरस फुटांची घरे विनामूल्य देण्याची योजना आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना घरे मिळाली. शंभर वर्षांच्या चाळीतून तिथल्या तिथे नव्या घरात जाणे ही आनंदाचीच गोष्ट. त्याचा खर्च विक्रीच्या घरांतूनच निघणार आहे. म्हणजे पुनर्विकास मुळात वाईट नाही. ज्याचा वाटा त्याला मिळतो की वाटेत कोणी तो गिळतो, एवढाच प्रश्न.

इथे पवित्र शास्त्रातील नाबोथची आठवण होते (१ राजे २१). त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. आपण अहाबला दुष्ट म्हणून ओळखतो, पण त्याचा पहिला शब्द आठवून पाहा. त्याने योग्य किंमत देऊ केली होती, त्याहून चांगला मळाही देऊ केला होता. आजच्या भाषेत तो उत्तम 'डील' होता! तरी नाबोथ नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची जमीन होती. काही गोष्टींना भाव असतो तरी त्या केवळ भावाच्या नसतात, हे नाबोथला कळत होते आणि राजाला कळत नव्हते. पुढे खोटे साक्षीदार आले, निवाडा झाला, नाबोथला दगडमार झाला. लक्षात घ्या, सारे कायद्याच्या चौकटीत झाले. चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी नाबोथवर एक आख्खे पुस्तक लिहिले. ही कथा जुनी असली तरी रोज घडते, असा त्यांचा आशय आहे.

टॉवरमध्ये घर घेणारा अहाब नाही. पण अहाबने पुढे तो मळा विकला असता आणि तिसऱ्या माणसाने रीतसर पैसे मोजून घेतला असता, तर नाबोथच्या मुलाबाळांविषयी त्या तिसऱ्या माणसाचे काहीच कर्तव्य राहिले नसते का? कायदा म्हणेल, नाही. आपला विवेक तेवढ्यावर थांबतो का?

ख्रिस्तसभा खासगी मालमत्तेच्या विरोधात नाही. स्वतःचे घर असावे, ते मुलांसाठी राखावे, यात काहीही गैर नाही. पण संत थॉमस अक्वायनस यांनी मालकी आणि वापर यांत फरक केला. वस्तूची मालकी एकाची असू शकते, पण तिचा वापर करताना गरजूचा वाटा त्याने मनात धरलाच पाहिजे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी हाच विचार एका शब्दात मांडला. खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, असे ते म्हणत. हा शब्द आपल्याला चांगला समजतो. घर घेतले की कागदपत्रे बँकेकडे गहाण पडतात आणि शेवटचा हप्ता फेडला की ती घरी येतात. त्या दिवशी आपण पेढे वाटतो. पण हे दुसरे गहाण शेवटच्या हप्त्यानेही सुटत नाही. १९८७ साली, बेघरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय वर्षात, व्हॅटिकनच्या न्याय व शांती आयोगाने निवाऱ्यावर एक निवेदन काढले. बेघर बांधवासाठी तू काय केलेस, हा प्रश्नच त्याचे शीर्षक होता.

यशया संदेष्ट्याने तर हे चित्र आधीच पाहून ठेवले होते (यशया ५:८-९). घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्यांविषयी तो शोक करतो. शेवटी दुसऱ्या कोणाला जागा उरत नाही आणि ते एकटेच उरतात. पुढच्याच ओळीत तो सांगतो की मोठमोठी सुंदर घरे राहणाऱ्यावाचून ओस पडतील. आधी हाव, मग एकटेपणा, मग दिवा न लागणारे घर. रात्रीच्या लोकलमधून आपण तेच पाहतो.

एवढे लिहून मी थांबलो असतो तर सोपे झाले असते. श्रीमंतांवर बोट ठेवणे नेहमीच सोपे असते. पण वसईत काय वेगळे चालले आहे? आपणही वाडी विकली, बावखल बुजवले, केळी-पानवेली तोडून इमारतींना वाट करून दिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी रान उठवले तेव्हा आपल्यातले किती जण त्यांच्याबरोबर होते आणि किती जण बिल्डरच्या दारात? प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे.

माझ्या मनाला मी विचारले तेव्हा मला एक कुलूप दिसले. सात वर्षांपूर्वी मुलाच्या नावे आम्ही स्टेशनजवळ एक फ्लॅट घेतला. मुलगा कॅनडात. तो परत येईल की नाही, तो सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. महिन्यातून एकदा मी जाऊन खिडक्या उघडायचो, झाडून घ्यायचो, पुन्हा कुलूप लावायचो. दोन वर्षांपूर्वी एक तरुण जोडपे विचारायला आले होते. तो एका कारखान्यात कामाला, ती गरोदर. मी म्हणालो, "आमचा मुलगा येणार आहे." ते खोटे होते. भाडेकरू निघणार नाहीत, भिंती खराब होतील, सोसायटीतले काय म्हणतील, ही खरी कारणे. ती दोघे जिना उतरून गेली. पुढच्याच रविवारी मिस्साबलिदानात श्रीमंत मनुष्य व लाजरसचे शुभवर्तमान (लूक १६:१९-३१) वाचले गेले. त्या श्रीमंताने लाजरसला मारले नव्हते, हाकललेही नव्हते. तो फक्त दाराशी होता आणि याला दिसला नाही. मला तर दिसला होता. मी त्याच्याशी बोललो होतो!

लोअर परळच्या टॉवरमध्ये राहत नाही म्हणून मी वेगळा ठरत नाही. त्या गुंतवणूकदाराच्या घराला कुलूप आहे, माझ्याही घराला होते. त्याचे पन्नास मजले उंच, माझे दुसऱ्या मजल्यावर, एवढाच फरक.

मागच्या महिन्यात तो फ्लॅट आम्ही भाड्याने दिला. ते जोडपे पुन्हा सापडले नाही, दुसरे कुटुंब आले. अकरा महिन्यांचा करार केला, भाडे बाजारभावापेक्षा थोडे कमी ठेवले. मनातली भीती गेली असे म्हणणार नाही. यामुळे गिरणी कामगाराला घर मिळाले असेही नाही. त्यासाठी कायदा हवा, आणि कायदा करणाऱ्यांना मत देताना व जाब विचारताना आपण जागे हवे. पण परवा संध्याकाळी त्या रस्त्याने जाताना खिडकीत दिवा दिसला. आत कोणाचे तरी मूल मोठ्याने पाढे म्हणत होते.

प्रिय बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी लोकलमध्ये कोणी विचारले, "ही घरे घेतं कोण?" तर हसून सोडू नका. आणखी दोन प्रश्न विचारा. ही जमीन आधी कोणाची होती आणि त्यांचे काय झाले? आणि घरी परतल्यावर स्वतःला विचारा, माझ्या नावावरच्या कोणत्या दाराला विनाकारण कुलूप आहे?

बेथलेहेमात ज्याला जागा मिळाली नाही, तो प्रभू आपल्याला दार उघडण्याची बुद्धी देवो.