टाइमशीटमधले आठ तास

सल्लागार आणि ऑडिट कंपन्यांत शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायची असते. क्लायंटचा कोड, प्रोजेक्टचा कोड, आणि पुढे सोमवार ते शुक्रवार अशा पाच चौकटी. प्रत्येकीत आठ लिहायचं आणि सबमिट करायचं. मंगळवारी रात्री दोनपर्यंत जागून अख्खं प्रेझेंटेशन नव्याने केलेलं असतं, गुरुवारचं जेवण लॅपटॉपसमोरच उरकलेलं असतं, तरी चौकटीत आठच.

हे खोटं लिहा, असा लेखी आदेश कुणी काढत नाही. क्लायंटची फी बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते. त्या फीत किती तास बसतात याचं बजेट मॅनेजरच्या गळ्यात असतं. तास वाढले की प्रोजेक्टचा नफा घटतो आणि पार्टनरपुढे उत्तर त्यालाच द्यावं लागतं. मग तो एवढंच म्हणतो, ‘जरा बजेटमध्ये बसव.’ नव्याने लागलेल्या पोरांना तेवढा इशारा पुरतो. ऑडिटमध्ये तर गेल्या वर्षीच्या तासांवरूनच पुढच्या वर्षीचं बजेट निघतं. यंदा चौदाचे आठ लिहिले, की पुढच्या वर्षीच्या टीमलाही आठच मिळणार. ती टीम पुन्हा रात्री जागणार आणि पुन्हा आठ लिहिणार. इथे कुणी दुष्ट असायची गरज पडत नाही.

कंपनीची संस्कृती म्हणजे काय, यावर या क्षेत्रात पोत्याने लिहिलं-बोललं जातं. मूल्यांचे फलक, टाउनहॉल, वेलनेस वीक, सगळं असतं. माझी कसोटी साधी आहे: तिथे आपल्या कामाच्या तासांबद्दल उघडपणे खरं बोलणाऱ्याचं पुढे काय होतं? गंमत अशी की हा धंदाच स्पष्ट बोलण्याचा आहे. क्लायंटच्या घरातले लोक साहेबांना जे सांगू शकत नाहीत, ते बाहेरच्याने येऊन सांगावं म्हणून तर सल्लागाराला एवढे पैसे मिळतात. मतभेद असेल तर तो मांडणं हे कनिष्ठातल्या कनिष्ठाचंही कर्तव्य आहे, असं मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी पूर्वीपासून सांगत आली आहे. पण हे कर्तव्य क्लायंटच्या आकड्यांबाबत जितकं चालतं, तितकं रविवारी रात्री साडेअकराला आलेल्या कामाबाबत चालतं का?

एरिन रीड या संशोधिकेने एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीतल्या शंभरहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि 2015 मध्ये निष्कर्ष छापले. आदर्श सल्लागार म्हणजे कामाला चोवीस तास हजर, ही तिथली अपेक्षा. काहीजण ती खरोखर पाळत. काहीजण, विशेषतः पुरुष, गुपचूप वाट काढत: जवळचे क्लायंट निवडायचे, सहकाऱ्यांशी आपसांत सांभाळून घ्यायचं आणि संध्याकाळी मुलांना वेळ द्यायचा, फक्त वर कळू द्यायचं नाही. त्यांना मूल्यमापनात राबणाऱ्यांइतकेच चांगले शेरे मिळाले. मार खाल्ला तो तिसऱ्या गटाने, ज्यांनी रीतसर अर्ज करून कमी प्रवास किंवा सवलत मागितली. म्हणजे कमी वेळ देणं खपलं, सांगून कमी देणं खपलं नाही. चोवीस तास हजेरीचा आग्रह कामासाठी असता, तर कमी तासांत तेच काम करणारा वरिष्ठांना ओळखू आला असता. तो ओळखूच आला नाही. मग आग्रह नेमका कशाचा होता? माझ्या मते निष्ठेच्या देखाव्याचा.

हे सगळं परदेशातलं म्हणून सोडून देता येत नाही. जुलै 2024 मध्ये पुण्यात अर्न्स्ट अँड यंगच्या सदस्य-फर्ममध्ये काम करणारी, केरळची 26 वर्षांची चार्टर्ड अकाउंटंट वारली. मार्चमध्ये ती रुजू झाली होती. तिच्या आईने कंपनीच्या भारतातल्या अध्यक्षांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाने जीव गेला, हे कंपनीने मानलं नाही, आणि मृत्यूचं वैद्यकीय कारण ठरवणारे आपण कोण. पण त्या पत्रातला एक प्रसंग विसरता येत नाही. रात्री काम सांगितलं गेलं, सकाळपर्यंत हवं होतं. मुलीने अडचण बोलून दाखवली, तर उत्तर आलं की रात्री कर, आम्ही सगळे तेच करतो. ‘आम्ही सगळे’ या दोन शब्दांपुढे चार महिन्यांच्या नोकरीतली मुलगी काय बोलणार? असं उत्तर देणाऱ्यानेही कधीतरी ते कुणाकडून तरी ऐकलेलंच असतं.

नंतर कामगार विभागाचे अधिकारी ऑफिसात गेले, तेव्हा दुकाने व आस्थापना कायद्याखाली तिथली नोंदणीच नसल्याच्या बातम्या आल्या. या कायद्यात आठवड्याला 48 तासांची मर्यादा आहे, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. मात्र व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षी पदांना त्यातून सूट आहे, आणि या कंपन्यांत दोन-चार वर्षांत व्हिजिटिंग कार्डावर ‘मॅनेजर’ लागतं. समजा नोंदणी चोख असती आणि निरीक्षकाने टाइमशीट मागितली असती. तिथे त्याला काय दिसलं असतं? आठ.

यावर उपाय नाही, असंही नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लेस्ली पर्लो यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपमध्ये एक प्रयोग केला. त्याचा लेख 2009 चा, पुस्तक 2012 चं. प्रत्येकाला आठवड्यात एक ठरलेली संध्याकाळ सुट्टी. सहानंतर काम नाही, ईमेलही नाही. सुट्टी घेणं ऐच्छिक नव्हतं, सक्तीचं होतं. सुरुवातीला विरोध खुद्द सल्लागारांनीच केला, आपली कारकीर्द बुडेल म्हणून. सोबत दर आठवड्याला बैठक: कसं वाटतंय, आणि आत्ता चाललंय ते असंच झेपेल का? माझ्या मते खरा गुण त्या बैठकीत होता. वरिष्ठांसमोर ‘झेपत नाही’ म्हणणं हा कबुलीजबाब न राहता बैठकीचा विषय झाला. काम अडलं नाही. उलट आपसांत बोलणं वाढल्याने कामाची वाटणी सुधारली आणि कंपनीने हा प्रयोग पुढे इतर टीममध्येही नेला.

आता दुसरी बाजू. या कंपन्यांत दोन वर्षांत जे शिकायला मिळतं ते इतरत्र पाच वर्षांत मिळत नाही, असं तिथली मुलं सांगतात आणि ते खोटं नाही. हुशार माणसांची संगत आणि पगार यांचं आकर्षण खरंच आहे. शिवाय पार्टनरही क्लायंटच्या फोनला बांधलेला असतो. राजा बोले दळ हाले, पण राजालाही कुणी बोलवता धनी असतोच. तरी क्लायंटला ‘उद्या नाही, परवा देतो’ असं सांगण्याचा अधिकार पार्टनरला आहे, असोसिएटला नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे त्यानेच तो वापरायचा असतो, आणि नेतृत्व-नेतृत्व म्हणतात ते मला तरी एवढ्यातच दिसतं. बाकी वरून कीर्तन आणि आतून तमाशा.

आपल्याकडे मुलगी ‘बिग फोर’ म्हणवल्या जाणाऱ्या चार बड्या ऑडिट-सल्लागार कंपन्यांपैकी एकीत लागली की पेढे वाटले जातात, आणि वाटावेतच. पण मुलाखत संपताना ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं विचारतात, तेव्हा कंपनीच्या व्हिजनबद्दल विचारू नका. तुमच्या टीममध्ये रात्रीच्या कामाला ‘आज जमणार नाही’ असं शेवटचं कोण म्हणालं, आणि ती व्यक्ती आता कुठे आहे, एवढं विचारा. उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर घरी येऊन ऑफर लेटर पुन्हा एकदा नीट वाचा.