घरचे मूल व शाळेतले मूल

सात-आठ वर्षांच्या मुलाची आई व त्याचे मास्तर समोरासमोर आले, तर दोघे एकाच मुलाविषयी बोलत आहेत ह्यावर तिऱ्हाइताचा विश्वास बसणे कठीण. घरी जो पानावर बसून चार वेळा रुसतो, तो शाळेत डबा मुकाट्याने संपवितो. घरी ज्याच्या तोंडाला खळ नाही, तो वर्गात जमिनीकडे पाहत उभा राहतो. मग ह्यांतले खरे मूल कोणते, असे आपण विचारतो. आणि बहुधा पोर लबाड आहे, असे उत्तर देऊन मोकळे होतो.

हे उत्तर मीही दिलेले आहे. आमच्या सांगलीच्या घरी खानापूर तालुक्यातील एका खेड्याहून माझ्या पुतण्याचा मुलगा शिकावयास आला. दोन महिन्यांनी शाळेतून निरोप आला, की मुलगा तोंड उघडीत नाही. मला नवल वाटले. कारण स्वयंपाकघरात माझ्या पत्नीपाशी तो विहिरीच्या, रेडकाच्या व गावच्या जत्रेच्या गोष्टी अखंड सांगत असे. ढोंग समजून मी त्यास रागावलो. पुढे त्याने तिच्याजवळ सांगितले, की वर्गात तो 'पानी' म्हणाला तेव्हा सारी मुले हसली होती. मी शाळेवर संतापलो. तेव्हा पत्नी शांतपणे म्हणाली, "तुमच्या खोलीत तरी तो कुठं बोलतो?" ते खरे होते. तो समोर आला की मी त्याचे उच्चार दुरुस्त करीत असे. शाळेचा उंबरठा माझ्याच घरात, स्वयंपाकघर व माझी खोली ह्यांच्या मध्ये होता.

घर व शाळा ह्यांत फरकच नसावा, असे माझे म्हणणे नाही. वर्गात मूल चाळिसांतले एक असते. आपली पाळी येईपर्यंत थांबणे तेथेच शिकता येते. न्यायाधीशही कचेरीत व ओसरीवर सारखाच वागत नाही, आणि त्यास आपण ढोंगी म्हणत नाही. प्रश्न फरकाचा नसून त्याच्या कारणाचा आहे. शिस्तीने गप्प बसलेले मूल मधल्या सुट्टीची घंटा होताच मोकळे होते. भीतीने गप्प झालेले मूल सुट्टीतही भिंतीपाशीच उभे असते.

ही भीती कोठून येते, ह्याचा पुरावा साताऱ्यास आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकर दाखल झाले. वय नऊ वर्षांचे. घरी ते सुभेदार रामजींचे धाकटे मूल. शाळेत मात्र घरून आणलेल्या तरटावर त्यांस वेगळे बसावे लागे, आणि शिपायाने नळ सोडल्यावाचून पाणी मिळत नसे. १९०१ च्या उन्हाळ्यात वडिलांकडे जाण्यासाठी ते भाऊ व भाचे ह्यांसह मसूर स्थानकावर उतरले. नव्या कपड्यांतील ही मुले स्टेशनमास्तरास ब्राह्मणांची वाटली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. हा प्रसंग आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेविला आहे. त्या क्षणात मुले बदलली नव्हती. बदलली ती पाहणाऱ्याची दृष्टी.

माझ्या घरातील गोष्ट ह्यापुढे क्षुल्लक खरी. तथापि दोषाचे मूळ निराळे नाही. मुलास नीट पाहण्यापूर्वीच मोठ्या माणसाने त्याची किंमत ठरविली होती. ही दृष्टी बदलता येते, हेही साताऱ्यानेच दाखविले. १९२४ मध्ये भाऊराव पाटील ह्यांनी तेथे वसतिगृह काढले, आणि निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसू लागली. मुलांस उपदेश करण्याआधी त्यांस बसावयास जागा दिली गेली.

हल्ली संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन बसतो. परवा त्याने रेडकाची गोष्ट मला सांगितली. तीत 'पानी' चार वेळा आले. मी अडविले नाही. त्याचे उच्चार सुधारावेत असे मला अजूनही वाटते, पण त्यास पुष्कळ वर्षे आहेत. शाळेत तो अद्याप बोलत नाही. उद्या मी त्याच्या मास्तरांकडे जाणार आहे. आणि तक्रार करण्यापूर्वी माझी स्वतःची चूक त्यांस सांगणार आहे.