रिंगला बसला म्हणून

धारूरच्या डोंगरातल्या एका गावात एक फळवाला राहत होता. त्याच्याकडे जुनी ओम्नी होती. पावसाळा सरत आला की डोंगरातली सीताफळं गोळा करायची, क्रेट भरायचे आणि धारूरचा घाट उतरून तेलगाव, माजलगावला न्यायचे, हा त्याचा धंदा. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. फळ डोंगराखाली आणायचं काम मात्र अशा खिळखिळ्या गाड्याच करत राहिल्या.

एका हंगामाच्या तोंडावर गाडीचे मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले. नव्या जोडीला पैसे नव्हते. एका भंगारवाल्याकडे मारुती आठशेचे दोन टायर निघाले, नक्षी शाबूत असलेले.

"रिंग बाराचीच, रुंदीपण तीच, एकशे पंचेचाळीस," भंगारवाला म्हणाला. टायर खरंच चपखल बसले.

फळवाला वहीला पक्का होता. पेट्रोल किती घातलं, गाडी किती पळाली, रोज मांडायचा. काही दिवसांनी बघतो तर ॲव्हरेज चौदावरून पावणेपंधरावर. त्यानं बायकोला वही दाखवली, पारावर चार जणांना सांगितलं. हंगाम भरात आला तसे क्रेट वाढले. माल भरला की मागचे टायर दबलेले दिसायचे. तो थोडी जास्त हवा भरून घ्यायचा आणि निघायचा.

एके दिवशी घाट उतरताना गाडी मागून डुलायला लागली. कशीबशी खाली आणून त्यानं ती तेलगावच्या एका टायरवाल्यापाशी लावली. दुकानातल्या चाचांनी जॅक लावला, चाक हातानं हळूहळू फिरवलं आणि मध्येच धरलं. आतल्या अंगाला, उभ्या माणसाला दिसत नाही तिथं, टायरला लिंबाएवढा फुगा आला होता.

"स्टेपनी काढा, भाऊ."

स्टेपनी कंपनीच्या मापाची होती. चाचांनी ती काढलेल्या चाकाशेजारी उभी केली. स्टेपनी दोन बोटं उंच भरली. मग ओल्या फडक्यानं त्यांनी दोन्हींची बाजू पुसली.

"हे वाचा. १४५ आर १२, एलटी, ६ पीआर. एलटी म्हणजे मालाच्या गाडीचा टायर, सहा पदरांच्या ताकदीचा. आता तुमचा वाचा. १४५, मग तिरकी रेघ, ७०. म्हणून बुटका. आणि पुढं हा ६९ दिसतो का? हा वजनाचा आकडा. ६९ म्हणजे एका टायरला सव्वातीनशे किलो, बस."

फळवाल्यानं मनात हिशोब केला. मागच्या दोन्हींना मिळून साडेसहाशे. त्यात गाडीचं वजन आलं, क्रेटांचं आलं.

"पण मी हवा जास्त भरत होतो, चाचा."

"हवेनं पदर वाढतात का?"

"आणि ॲव्हरेज? तो तर वाढला होता!"

चाचा हसले. "चाक लहान, म्हणून तेवढ्याच रस्त्याला जास्त फिरतं. मीटर चाकाचे फेरे मोजतं, रस्ता नाही. शंभर किलोमीटर गेलात की ते एकशे पाच-सहा सांगणार."

फळवाल्याकडे एकाच नव्या टायरचे पैसे होते. चाचांनी स्टेपनीवरचे चार आकडे पाहिले; कितव्या आठवड्यात, कोणत्या साली बनली ते. फार जुनी नव्हती. मग एका बाजूला स्टेपनी, दुसऱ्या बाजूला त्याच मापाचा नवा टायर, अशी मागची जोडी जुळवली. आठशेचा चांगला राहिलेला टायर स्टेपनीच्या जागी गेला. "पंक्चर झालं तर रिकामी गाडी दुकानापर्यंत आणायची, तेवढ्यापुरता," असं बजावून त्यांनी पैसे घेतले.

भंगारवाला तसा खोटं बोलला नव्हता. रिंग बाराची होती, टायरही बाराचा होता. जागेत बसतं का, एवढंच माणूस बघतो. हाताखाली माणूस ठेवताना, पोरीला स्थळ बघतानासुद्धा. ओझं किती पेलेल, हे बारीक अक्षरात दुसरीकडेच असतं, आणि वरचं मीटर चांगलं बोलत असलं की ते वाचायला कुणी वाकत नाही.

पुढच्या आठवड्यात ॲव्हरेज परत चौदावर आला. बायको म्हणाली, "त्या टायरवाल्यानं फसवलं तुम्हाला." फळवाला काही बोलला नाही. वहीतली मागची पानं उघडून तो एकेक आकडा खोडत होता.