वेळ देणाऱ्याची जबाबदारी

माझे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर तीस वर्षं उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसवावी लागली. हृदयरोगतज्ज्ञ त्यांना पाच मिनिटं देतात. शेजाऱ्यांनी सुचवलेल्या निसर्गोपचारकाने पहिल्याच दिवशी पाऊण तास दिला. रातपाळ्या किती, झोप कशी, तंबाखू कधीपासून, सगळं विचारलं. अण्णा घरी येऊन म्हणाले, "पहिल्यांदाच कुणीतरी नीट विचारलं बघ." तंबाखू सुटली, रोजचं चालणं सुरू झालं. महिन्याभराने तोच माणूस म्हणाला, आता गोळ्या बंद करू.

ज्याने जास्त वेळ दिला, त्याचं म्हणणं जास्त खरं असतं का?

निसर्गोपचाराचा दावा पोकळ नाही. १९९० मध्ये डीन ऑर्निश यांनी 'द लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास मांडला. अगदी कमी चरबीचा शाकाहार, व्यायाम, योग-ध्यान आणि तंबाखूबंदी वर्षभर पाळणाऱ्या बहुतेक रुग्णांच्या धमन्यांतले अडथळे थोडे कमी झाले होते. पण स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून गोळ्या असतात. ते काम मातीची पट्टी करत नाही, आणि गुठळी आधी सांगून येत नाही. चांगली सवय जोडणं वेगळं, संरक्षण काढून घेणं वेगळं.

१९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांचं हृदय थकत चाललं होतं. त्यांच्याजवळ हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर होते, डॉ. सुशीला नय्यर होत्या आणि निसर्गोपचारक दिनशा मेहताही होते. उरुळी कांचनला १९४६ मध्ये निसर्गोपचार सुरू करणाऱ्या गांधीजींनी स्वतः १९२४ मध्ये ससूनमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन करून घेतलं होतं. एका उशाशी दोन्ही विद्या बसू शकतात.

अण्णांच्या गोळ्या चालू आहेत, चालणंही. पण पाच मिनिटांच्या डॉक्टरला मी निर्दोष धरत नाही. ऐकून न घेतल्यामुळेच माणूस दुसरं दार शोधतो. आणि त्या दाराआड बसलेल्याला ऐकण्यातून विश्वास मिळतो. तो विश्वास म्हणजे उधारी आहे. "हे माझ्या हातातलं नाही, गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा," एवढं म्हणता आलं, तरच ती फिटते.