सांगावं की गप बसावं

माझ्या लहानपणी आमच्या घरात पावसाचा अंदाज सांगणारा एकच माणूस होता, माझा आजा. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढायला लागल्या, चिमण्या धुळीत लोळायला लागल्या की तो म्हणायचा, "दोन दिसात येतंय बघ." कधी यायचा, कधी नाही यायचा. पण आजा चुकला म्हणून कुणी त्याच्यावर रागावलेलं मला आठवत नाही. कारण त्याच्या सांगण्यावर कुणी हडंबा बोलावत नव्हतं, की मजुराला दुप्पट पैसे देत नव्हतं. ऐकायचं, मान हलवायची आणि आपापल्या कामाला लागायचं.

आता अंदाज खिशात आला आहे. पोरानं मला मोठा फोन घेऊन दिला, त्यात हवामानाचं आणि विजेचं ॲप टाकून दिलं. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण वाचायचा नाद आहे, त्यामुळं त्यातलं बरंच कळायला लागलं. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हातपाय हलवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं 'दामिनी' तर आपल्या आसपास वीस ते चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असली तर तसं सांगतं.

मला या गोष्टीचा नाद लागला त्याला कारण 2014 ची गारपीट. फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू झाली ती मार्च अर्धा होईपर्यंत मराठवाड्याला, विदर्भाला झोडपत राहिली. माझा ओंबीला आलेला गहू आणि काढणीची ज्वारी अर्ध्या तासात जमिनीला चिकटली. झाडाखाली पाखरं मरून पडली होती. गहू काही कुणाच्या सांगण्यानं वाचला नसता. पण कुणी सकाळी सांगितलं असतं तर रानात गेलेल्या शेळ्या तरी आत घेतल्या असत्या. तवा मनात धरलं, की आपल्याला कळलं तर चार लोकांना सांगायचं.

आणि मी सांगायला लागलो. पारावर, दुधाच्या डेअरीवर, बांधावर. लोकही विचारायला लागले. "आप्पा, काय म्हणतोय तुमचा फोन?" खरं सांगतो, बरं वाटायचं.

मग एका साली दसरा झाल्यावर नारिंगी इशारा आला. माझ्या बांधकऱ्याचं सोयाबीन नुकतंच कापून पडलं होतं, शेंगा अजून ओलसर होत्या. मी रात्री त्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, "उद्याच्याला मोठा पाऊस आहे. काय करायचं ते आत्ता कर." मी 'आहे' म्हणालो. 'असंल' म्हणालो नाही. त्यानं धावपळ करून रातोरात हडंबा आणला, मिळतील तितकी माणसं दुप्पट पैशानं लावली आणि ओलंच सोयाबीन मळून घेतलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं कडक ऊन पडलं. तिसऱ्या दिवशीही पडलं. आडतीवर बारा टक्क्यांच्या वर ओलावा भरला की भाव तुटतो. त्याचा तुटला. मजुरी गेली ती वेगळीच.

इशारा खोटा नव्हता. आमच्या बीड जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, आष्टीपासून परळीपर्यंत. त्या दिवशी परळीकडं झोडपून पाऊस झाला. खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थच असा, की चार केंद्रं धरली तर फार तर एखाद्या केंद्रावर पडणार. म्हणजे बाकीची तीन कोरडी राहिली तरी अंदाज बरोबरच. पण तो शब्द मी बांधकऱ्याला सांगितलाच नव्हता. मी गाळून सांगितलं होतं, आणि गाळताना नेमका दाणा टाकून दिला होता.

तो काही बोलला नाही. गाव मात्र बोललं. "काय वेधशाळा, आज धोतर वाळत घालावं का?" पारावर कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे हसायचे. मी हसण्यावारी नेलं, पण सांगायचं बंद केलं. फोन बघायचो आणि खिशात टाकायचो.

पुढच्या एप्रिलची गोष्ट. त्याच बांधकऱ्याच्या रानात कांदा काढणीला दहा बाया होत्या. गुत्तं घेतलेलं, त्यामुळं मान वर करायला कुणाला सवड नव्हती. माझ्या आणि त्याच्या बांधावर एक जुना लिंब होता. त्याच्या बुडाला त्याचे बैल बांधलेले, आणि फांदीला एका बाईच्या लेकराची झोळी. चारच्या सुमाराला माझा फोन वाजला. जवळपास विजा पडतायत, आडोशाला जा. मी वर पाहिलं. पश्चिमेला काळं होतं, पण डोक्यावर ऊन होतं. बांध माझ्यापासून दोनशे पावलं. मी उठलो, आणि परत बसलो. मनात आलं, सांगितलं आणि काही झालं नाही तर? बायांचं अर्ध्या दिवसाचं काम बुडंल, त्याचा कांदा रानात राहील, आणि संध्याकाळी पारावर पुन्हा माझंच धोतर निघंल.

मी गेलो नाही.

वारा सुटला, चार थेंब आले, बाया स्वतःहून गोठ्याकडं पळाल्या. पाठोपाठ आवाज झाला. लिंबाची एक बाजू वरून खालपर्यंत सोललेली, आणि एक बैल जागेवर आडवा. जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब असतात. झाडावर पडलेली वीज जमिनीतून पसरते, ती एका पायानं चढते आणि दुसऱ्यानं उतरते. हे मी नंतर वाचलं. दुसरा बैल तीन हातांवर थरथरत उभा होता. झोळी फांदीला तशीच लोंबत होती. रिकामी. लेकरू भुकेनं रडलं म्हणून आईनं थोडा वेळ आधीच काढून गोठ्याकडं नेलं होतं.

पंचनामा झाला, थोडी मदतही मिळाली. लोक म्हणाले, देवानं वाचवलं. मी हो म्हणालो. पण देवाचं मला माहीत नाही, माझं मला माहीत होतं. त्या लेकराच्या जिवाची खबर पाऊण तास माझ्या खिशात होती.

महिनाभर मी ते पोटात ठेवलं. मग एक दिवस बांधकऱ्याला सांगून टाकलं. तो बराच वेळ तंबाखू मळत बसला. म्हणाला, "आप्पा, तुम्ही सांगितलं असतं तरी मी काय ऐकलं नसतं. सोयाबीनच्या वेळचं डोक्यात होतंच की." त्यानं मला सोडवायसाठी म्हणलं असंल. पण माझी काही सुटका झाली नाही. त्यानं ऐकलं नसतं, तर ते त्याच्या खात्यावर गेलं असतं. मी सांगितलं नाही, हे माझ्या खात्यावर आहे. दोन खाती वेगळी आहेत. एकाची बाकी दुसऱ्यात फिरवता येत नाही.

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट आपण सगळे पोरांना सांगतो. पोरगं खोटं बोललं, म्हणून शेवटी कुणी आलं नाही. मला आता त्या गोष्टीत एक गोची दिसते. ते पोरगं खोटारडं होतं. पण समजा, त्याला खरंच झुडपात काहीतरी हललेलं दिसलं असतं, त्यानं भिऊन हाक मारली असती आणि निघाला असता कुत्रा, तर? गावानं त्यालाही तेच नाव ठेवलं असतं. खोटं बोलणं आणि चुकणं यात फार अंतर आहे, पण धावत आलेल्या माणसाच्या पायाला दोन्ही सारखंच दुखतं.

आणि गावाचंही चुकत नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. पावसाचा अंदाज चुकला तर सांगणाऱ्याचं काय जातं? माझं धोतर निघालं, एवढंच. बांधकऱ्याचे पैसे गेले. बायांना कामावरून उठवलं तर गुत्त्यातला वेळ त्यांचा जातो. हातावर पोट असलेल्या बाईला 'जिवापेक्षा पैसा मोठा का?' असं विचारणं फार सोपं आहे. तिला रोजच्या रोज थोडा थोडा जीव विकूनच पैसा मिळतो. इशारा देणारा कोरडा राहतो आणि इशारा मानणारा खर्चात पडतो, म्हणून लोक ऐकत नाहीत. त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे.

यातून मी माझ्यापुरते दोन नियम केलेत. पहिला, जेवढं कळलं तेवढंच सांगायचं. 'पाऊस आहे' म्हणायचं नाही. 'जिल्ह्यात कुठंतरी पडंल म्हणतायत, आपल्याकडं पडंलच असं नाही, तुझं तू ठरव' असं म्हणायचं. पण विजेच्या बाबतीत ठरवायला वेळ नसतो. तिथं हाक मारायचीच. दुसरा नियम, हाक मारली तर खर्चात वाटा उचलायचा. माझ्या रानात आता गुत्तं नाही, रोज आहे. आभाळामुळं बसावं लागलं तर मजुरी कापत नाही. बांधकऱ्यालाही म्हणलं, तुझ्या बाया माझ्या हाकेनं उठल्या तर तेवढ्या वेळाची निम्मी मजुरी माझी. त्याला आधी हसू आलं. मग तो कबूल झाला.

गेल्या उन्हाळ्यात फोन वाजला. मी बांधावर जाऊन हाक मारली. दोन्ही रानांतल्या बाया माझ्या पत्र्याच्या घरात येऊन बसल्या. लांब कुठंतरी गडगडत होतं. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबायचं असतं, म्हणून थांबलो. सगळं मिळून दीड तास गेला. आमच्याकडं एक थेंब आला नाही. घरधनीण पुटपुटली, "एवढ्या जणींचा दीड तास फुकट." ते काही खोटं नव्हतं.

बाया उठल्या. त्यातली ती झोळीवाली म्हणाली, "आप्पा, आजबी न्हाई आलं वो तुमचं."

"न्हाई आलं," मी म्हणालो. "बरं झालं."

तिनं लेकराला कडेवर घेतलं आणि कांद्याकडं गेली. लेकरू आता चालायला लागलंय, पण रानात ढेकळं असतात.