शनिवार तेली, पारशी आणि धर्माचे धन

पश्चिम किनाऱ्याने समुद्रावरून आलेल्या अनेकांना ठाव दिला. त्यांतल्या दोन समाजांच्या आठवणीतली सुरुवात जवळजवळ सारखी आहे आणि पुढची वाट मात्र अगदी वेगळी. इराणातून निघालेले जरथुश्त्राचे अनुयायी दक्षिण गुजरातेत संजाणला उतरले. तिथल्या जादी राणाने त्यांना काही अटींवर राहू दिले: इथली भाषा बोलायची, बायकांनी इथला पोशाख घालायचा, शस्त्रे खाली ठेवायची. ही हकीकत बहमन कैकोबाद नावाच्या पारशी धर्मगुरूने १५९९ च्या सुमारास फारसी पद्यात लिहिली. दुधात साखर विरघळल्याची सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट त्या काव्यात नाही, ती नंतर तोंडोतोंडी जोडली गेली. बेने इस्राएल या यहुदी समाजाची कथा अलिबागजवळच्या नवगावची. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि जे बुडाले त्यांना किनाऱ्यावरच पुरले. वाचलेल्यांचे वंशज रायगडच्या गावागावांत पसरले आणि त्या गावांवरून पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या दोघांकडे पाहिले तर अंतर डोळ्यांत भरते. जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये ‘सर’ झाले, हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. १८४५ मध्ये त्यांच्या नावाचे रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून माहीमचा कॉजवे खुला झाला. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली. त्याच सुमारास कोकणात बेने इस्राएलांची कित्येक घरे तेलघाण्यावर जगत होती. तीळ, नारळ घाण्यात पडायचे, बैल गोल फिरायचा, आणि शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबायचा. शनिवारी बैल मोकळा. गावाने म्हणून त्यांना शनिवार तेली म्हटले. मुंबईत आलेले बेने इस्राएल कंपनी सरकारच्या पलटणीत शिपाई आणि सुभेदार झाले, पुढे रेल्वे, पोस्ट, कस्टम आणि इस्पितळांत कारकून, परिचारिका, शिक्षक. इज्जतीची, पण पगाराची कामे. गिरणी कोणाची नाही, जहाज कोणाचे नाही.

असे का झाले? यावर एक उत्तर फार दिवस चालत आले आहे, आणि ते धर्माचे आहे. मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये प्रोटेस्टंट पंथाची शिस्त आणि भांडवलशाही यांचा संबंध मांडला. १९६२ मध्ये रॉबर्ट केनेडी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने तोच धागा पारशांपर्यंत आणला. जरथुश्त्री धर्मात संन्यासाला मान नाही, उपवासाला पुण्य नाही. जग ही माया नसून अहुर मज्दाची निर्मिती आहे, आणि चांगले विचार, चांगले शब्द, चांगली कृती यांनी माणसाने तिला वाईटाशी लढायला मदत करायची. सचोटीने कमावलेली संपत्ती ही त्या लढाईतली मदतच. अशा धर्माचा माणूस कष्ट करील, साठवील, पुन्हा व्यापारात घालील. शिवाय समुद्रपर्यटनाची बंदी नाही, कोणाच्या हातचे खाल्ले म्हणून बाटण्याची भीती नाही.

युक्तिवाद ऐकायला भरीव वाटतो. बेने इस्राएलांना तो लावून पाहिला की मात्र त्यातली भर निघून जाते. यहुदी धर्मातही संन्यास नाही. जग ईश्वराने निर्माण केले आणि ते चांगले आहे, असे त्याच्या पहिल्याच ग्रंथाचे पहिलेच पान सांगते. काम हे कर्तव्य आहे आणि विश्रांतीही. बाराव्या शतकातल्या मैमोनिदिझने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजवंताला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन पायावर उभे करणे. उद्योगाला याहून पोषक शिकवण कोणती? समुद्र ओलांडण्याचे पापही बेने इस्राएलांना नव्हते. ते तर समुद्रातूनच आले होते. म्हणजे धर्माचे ज्या गुणांसाठी कौतुक करायचे ते दोन्हींकडे आहेत, आणि श्रीमंती एकाच घरी आली.

यावर कोणी म्हणेल की बेने इस्राएलांचा धर्म अर्धवट राहिला होता. शतकानुशतके एकटे पडल्यामुळे त्यांच्याकडे हिब्रू ग्रंथ नव्हते. सुंता, शनिवारचा विश्राम, ‘शेमा’ची प्रार्थना आणि खाण्याचे काही नियम तेवढे उरले होते. त्यांच्या परंपरेत डेव्हिड रहाबी नावाच्या माणसाची कथा आहे. हे लोक खरेच यहुदी आहेत का हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली आणि रांधायला सांगितले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे निवडले, बाकीचे बाजूला सारले. ग्रंथ नसताना चुलीजवळ टिकलेला हा धर्म अर्धवट म्हणावा असा नव्हता. पण तो आक्षेप खरा मानला तरी मुंबईतच त्याचे उत्तर होते. डेव्हिड ससून १८३० च्या दशकात बगदादहून बुशेरमार्गे मुंबईत आले. अफू आणि कापसाच्या व्यापारात त्यांच्या घराण्याने अमाप पैसा केला. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग, पुण्याचे लाल देऊळ, ससून रुग्णालय, कुलाब्याचा ससून डॉक हे सारे त्याच पैशातून किंवा त्याच घराण्याच्या हातून उभे राहिले. ससून यहुदी, किहीमकरही यहुदी. तोच शनिवार, तीच प्रार्थना. एक भायखळ्याच्या वाड्यात, दुसरा कारकुनाच्या चाळीत. धर्म श्रीमंती देतो म्हणणाऱ्याला या एका शहराने निरुत्तर करायला हवे होते.

खरे कारण कमी उदात्त आहे. पारशी सुरत, भरूच, नवसारीच्या बाजूला होते आणि सतराव्या शतकात सुरतेला इंग्रज, डच, फ्रेंच वखारी आल्या. तिथे दलाल हवे होते, सुतार हवे होते, उधारी सांभाळणारे हवे होते. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेत जहाजे बांधणारा सुतार होता. १७३६ मध्ये कंपनीने त्याला गोदी उभारायला मुंबईला आणले. मलबारी सागवान आणि लवजीच्या वंशजांचे हात यांतून पुढची शंभर-दीडशे वर्षे जहाजे उतरत राहिली. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. रायगडच्या खाड्यांत अशी वखार नव्हती. घाण्याच्या तेलाला गाव हीच बाजारपेठ होती, आणि गावापुरत्या तेलातून चीनला माल धाडण्याइतके भांडवल साठत नाही. हेही विसरू नये की सगळे पारशी वाडिया नव्हते. गुजरातच्या खेड्यांतले पुष्कळ पारशी शेती करत होते, ताडी काढत होते, विणकाम करत होते, आणि अवेस्ता हा धर्मग्रंथ त्यांचाही तोच होता.

सचोटीने कमावलेल्या संपत्तीचा मुद्दा इथे टाळून पुढे जाता येत नाही. जमशेटजींची दौलत चीनच्या व्यापारातून आली, आणि त्या व्यापाराचा कणा अफू होता. माळव्याची अफू मुंबईहून कँटनला जात होती. चीनच्या बादशहाने तिच्यावर बंदी घातली होती. जार्डिन मॅथेसनशी भागीदारीत हा माल धाडणारे जमशेटजी आणि याच मालाचा व्यापार करणारे ससून दोघेही आपापल्या धर्माचे निष्ठावान पाईक होते. चांगले विचार, चांगले शब्द, चांगली कृती हे रोज म्हणणाऱ्या माणसाच्या हिशेबात कँटनचा व्यसनी कुठे बसत होता, हा प्रश्न त्या काळी मुंबईत फारसा कोणी विचारला नाही. तो विचारायला हवा होता. ज्या इस्पितळात मुंबईच्या लाखो गरिबांवर उपचार झाले त्याचा पाया त्या व्यसनावर उभा आहे, आणि इस्पितळ चांगले असल्याने ही गोष्ट फिटत नाही. बेने इस्राएलांचा घाणा या बाबतीत निष्कलंक होता. पण निष्कलंक राहण्याची निवड त्यांनी केली नव्हती, त्यांना संधीच नव्हती.

मग धर्माचा वाटा काही नाहीच का? आहे, पण तो कमाईपेक्षा वाटपात दिसतो. पारशांच्या पैशाचा मोठा भाग विश्वस्त निधींत गेला. पारशी पंचायत एके काळी समाजाचे न्यायनिवाडे करायची. तो अधिकार ओसरल्यावर ती दानाची कारभारीण झाली. घरे, शिष्यवृत्त्या, आजारपणाची मदत, दोखम्याची, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याची, व्यवस्था असे सगळे. खरेघाट कॉलनी, खुश्रू बाग, रुस्तम बाग यांतली घरे गरीब आणि मध्यमवर्गी पारशांना नाममात्र भाड्यात मिळाली. मुंबईत डोक्यावर छप्पर असणे म्हणजे काय हे ज्याला कळते त्याला याची किंमत सांगायला नको. बेने इस्राएलांची सुरुवात साधी. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने बांधले. टिपूच्या कैदेतून सुटका झाल्यावर फेडलेला तो नवस, असे समाज सांगतो. हायिम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ मध्ये शाळा काढली. तिला पुढे मोठी देणगी दिली ती हाँगकाँगच्या एली कदूरी या बगदादी यहुद्याने, आणि माझगावात ती त्यांच्याच नावाने राहिली. घरोघरी जमेल ते दान म्हणजे मलिदा: पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा आणि फळे. लग्न, नवस, परतीचा प्रवास, कशालाही एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे नाव घेऊन ताट भरायचे आणि ते जमलेल्या सर्वांत वाटायचे.

वाटप आले की ‘आपला कोण’ हा प्रश्न येतो, आणि धर्माचा खरा कस तिथे लागतो.

पारशांत तो १९०६ मध्ये न्यायालयात गेला आणि १९०८ मध्ये त्याचा निकाल लागला. रतनजी दादाभाई टाटांनी फ्रेंच पत्नीची नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, करून घेतली होती. तिला अग्यारीत जाण्याचा, दोखम्याचा आणि पारशी निधींचा हक्क आहे का, असा वाद होता. न्यायमूर्ती दावर स्वतः पारशी; त्यांनी आणि न्यायमूर्ती बीमन यांनी दिलेला निकाल वाचण्यासारखा आहे. जरथुश्त्री धर्मात धर्मांतर निषिद्ध नाही, हे त्यांनी मान्य केले. पण निधी ज्यांनी ठेवले त्यांना अभिप्रेत होते ते पारशी: इराणातून आलेल्यांचे वंशज, नंतर आलेले इराणी जरथुश्त्री, आणि पारशी बापाची परजातीय आईपासून झालेली व रीतसर धर्मात घेतलेली मुले. धर्माने दार उघडे ठेवले होते, ते दानपत्राने बंद केले. ज्या समाजाकडे वाटायला इतके नसते त्याला इतक्या काटेकोर व्याख्येची निकड भासली असती का?

असे म्हणावे तर बेने इस्राएल आडवे येतात. वाटायला फारसे काही नसतानाही त्यांनी आपल्यात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद पाळला. मिश्र विवाहाची मुले काळे; त्यांच्याशी सोयरीक नाही, भांडीही वेगळी. हे कोकणातल्या शेजाऱ्यांकडून शिकलेले जातीचे वळण होते, आणि त्याला तोरा या यहुदी धर्मग्रंथात कुठे आधार नाही. त्यांच्यावर हाच भेद उलटला. १८३६ मध्ये डेव्हिड ससून आणि काही बगदादी यहुद्यांनी मुंबई सरकारकडे अर्ज केला, की सामायिक दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या मध्ये भिंत असावी. मेल्यावरही श्रीमंत यहुद्याला गरीब यहुदी शेजारी नको होता.

पुढचा आघात तर ज्या देशाला ते मायभूमी समजून गेले तिथे झाला. १९४८ च्या सुमारास भारतात वीसेक हजार बेने इस्राएल होते. त्यांतले बहुसंख्य पुढच्या काही दशकांत इस्राएलला गेले आणि दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद अशा वाढत्या गावांत कामगार म्हणून स्थिरावले. सुरुवातीलाच आलेल्या अपमानाने काही कुटुंबांनी १९५१-५२ मध्ये धरणे धरले, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून, आणि काही जण परतलेही. मग मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांवर अट घातली: इतर यहुद्यांशी लग्न करायचे तर आईकडच्या पिढ्या तपासून घ्या. पारशांत बापाचे रक्त मोजतात, यहुद्यांत आईचे. दोन्हीकडे संशयाचे बोट शेवटी बाईवरच येते. १९६४ मध्ये येरुशलेमच्या रस्त्यांवर मोठे आंदोलन झाले, संसदेने ठराव केला, आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

आज हिशेब विचित्र दिसतो. भारतातले पारशी १९४१ मध्ये १,१४,८९० होते, २०११ मध्ये ५७,२६४. ही घट थोपवण्यासाठी केंद्र सरकारला २०१३ मध्ये ‘जियो पारसी’ योजना काढावी लागली. बेने इस्राएल भारतात काही हजार उरले, पण इस्राएलमध्ये त्यांची संख्या कितीतरी पट आहे. तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघते आणि महाराष्ट्र दिन साजरा होतो. महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. पैसा होता तो समाज आटत चालला आहे, आणि पगारावर जगलेला समाज दुसऱ्या देशात वाढला आहे. दोघांचे सर्वांत चांगले क्षण मात्र कुंपणापलीकडचे आहेत. पेस्तनजी कामांनी बायकांसाठी इस्पितळ बांधून दिले ते सर्व जातीधर्मांच्या बायकांसाठी. त्याच कामा हॉस्पिटलची धुरा १९२८ ते १९४७ या काळात जेरुशा झिराड या बेने इस्राएल डॉक्टरने वाहिली. पारशाच्या दानाला यहुदी बाईच्या हातचे कौशल्य मिळाले, आणि खाटेवरच्या बाळंतिणीला कोणी वंशावळ विचारली नाही.

पारशी समाजात आज चाललेला वाद याच ठिकाणी अडला आहे. परधर्मी पुरुषाशी लग्न केलेल्या पारशी स्त्रीला अग्यारीत प्रवेश असावा का, तिच्या मुलांना पारशी म्हणावे का, त्यांना बागेतले घर मिळावे का. संख्या घटते आहे, घरे रिकामी होत आहेत, आणि लेकीची मुले मात्र दाराबाहेर आहेत. बापाकडून चालते ते आईकडून का चालू नये, याचे उत्तर अवेस्तात शोधून सापडणार नाही. ते १९०८ च्या निकालात आणि विश्वस्तांच्या दस्तऐवजांत आहे. बदलायचे तर ते तिथेच बदलावे लागेल, आणि ते काम दस्तुरांपेक्षा, म्हणजे धर्मगुरूंपेक्षा, विश्वस्त निवडणाऱ्या सामान्य पारशी मतदाराच्या हातात आहे.